गवत कधी कापायचे? मुलुंडमधील एका सोसायटीच्या रानफुलांच्या पट्ट्याचा प्रकरण अभ्यास

मुंबईत देशी रानफुलांची बाग करण्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा बियांपासून सुरू होते: कोणत्या फुलांच्या, कुठून मिळवायच्या, कधी पेरायच्या. मुलुंड पश्चिमेतील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आवारात गेल्या काही पावसाळ्यांत असा एक पट्टा उभा राहिला, एकदा जवळजवळ मोडला आणि पुन्हा सावरला. मी वनस्पतिशास्त्र शिकवत असल्यामुळे संस्थेने माझा सल्ला घेतला होता आणि हा सगळा घटनाक्रम मला जवळून पाहता आला. त्यावरून माझे असे ठाम मत झाले आहे की शहरातील रानफुलांच्या पट्ट्याचे भवितव्य कापणीच्या तारखेवर ठरते. वनस्पतींचे वर्ष आणि सोसायटीचे वर्ष यांचा मेळ बसत नाही, आणि हा विसंवाद सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर्वांत तीव्र होतो. हे प्रकरण मुख्यतः त्या दोन महिन्यांविषयी आहे.

जागा आणि आधीची बाग

इमारत सात मजली असून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्वेकडील डोंगरउतारापासून फार लांब नाही. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या त्या जंगलात फुलपाखरांच्या दीडशेच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यामुळे येथे फुलपाखरांना कुठून तरी बोलावून आणण्याचा प्रश्न नव्हता. ती आवारात येतच होती, पण थांबत नव्हती. कुंपणभिंतीलगत जो मातीचा पट्टा होता त्यात कार्पेटसारखे लॉन, कडेने ड्युरांटाची छाटलेली रांग, अॅकॅलिफा आणि अरेका पाम अशी नेहमीची झाडे होती. ड्युरांटाची रांग सतत छाटली जात असल्याने तिला फुले येण्याची संधी मिळत नव्हती आणि लॉनमध्ये एखादे एकदांडीचे रोप डोके वर काढू लागले की ते उपटून टाकले जात होते. उन्हाळ्यात लॉन जगवण्यासाठी रोज पाणी द्यावे लागे, आणि नेमक्या त्याच दिवसांत मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांचा साठा खालावून पाणीकपातीच्या बातम्या सुरू होत. पट्ट्याचा वापर बदलण्याची पहिली सूचना निसर्गप्रेमी सभासदाकडून आली नव्हती. ती खजिनदारांनी टँकरच्या बिलांवरून मांडली होती. हे नमूद करणे मला महत्त्वाचे वाटते, कारण पुढे पट्टा अडचणीत आला तेव्हा त्याच्या बाजूने सर्वांत टिकाऊ युक्तिवाद हाच ठरला.

पट्टा इमारतीच्या उत्तरेला भिंतीलगत जातो आणि मग काटकोनात वळून पूर्वेकडे येतो. या दोन बाजूंच्या उन्हातला फरक समजून घेतल्याशिवाय येथील लागवड समजणार नाही. मुंबईत साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणून उत्तरेकडच्या पट्ट्याला पावसाळ्याच्या पूर्वार्धात, ढग उघडतील तेवढा वेळ, चांगले ऊन मिळते; सप्टेंबरच्या मध्यानंतर मात्र इमारतीची सावली दुपारी थेट भिंतीपर्यंत पोहोचते आणि ती हिवाळाभर हटत नाही. पूर्वेकडच्या पट्ट्यावर सकाळचे ऊन वर्षभर येते. फुलपाखरांना उडण्याआधी पंख पसरून अंग तापवावे लागते, त्यामुळे सकाळचे ऊन मिळणारी जागा त्यांच्या दृष्टीने मोलाची असते. उशिरा फुलणाऱ्या वनस्पती पूर्वेला आणि लवकर फुलून सावली सोसणाऱ्या वनस्पती उत्तरेला, ही विभागणी यातून ठरली.

पाकिटातील बिया

समितीने माझ्याशी बोलण्याआधीच ‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’ या नावाची पाकिटे ऑनलाइन मागवली होती आणि पहिल्या पावसाबरोबर ती पेरूनही झाली होती. पाकिटावर नोंदलेल्या नावांत कॉसमॉस, झिनिया आणि कॅलिफोर्निया पॉपी होते. ही रानफुले खरीच, पण मेक्सिकोतील आणि उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील. जेथे वर्षाचा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जवळपास सगळाच चार महिन्यांत कोसळतो, तेथे कोरड्या हवेतील पॉपीची रोपे टिकण्याची शक्यता नव्हती. जुलैमध्ये ती मुळापाशी कुजली. कॉसमॉस मात्र तगला आणि सप्टेंबरमध्ये नारिंगी फुलांनी बहरला, तेव्हा रहिवासी आनंदले. ती रोपे बी धरण्यापूर्वी उपटावीत असे मी सुचवले तेव्हा अनेकांना वाईट वाटले. राज्यात अनेक ठिकाणी हाच कॉसमॉस बागेतून सुटून रस्त्यांच्या कडा आणि माळरान व्यापत चालला आहे, आणि जंगलाच्या इतक्या जवळ त्याचे बी तयार होऊ देणे मला योग्य वाटत नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे: परदेशी फूल दिसले की ते काढावे, अशी माझी भूमिका नाही. झेंडू मेक्सिकोचा, चाफा मध्य अमेरिकेचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची आणि गुलमोहर मादागास्करचा. तरीही आवारातील मंदिरालगतचा झेंडू आणि चाफा कुणी हलवला नाही आणि हलवण्याचे कारणही नव्हते. परदेशी फुलांतूनही फुलपाखरे मध पितात. घाणेरीवर ती गर्दी करतात, हे कुणीही पाहिले असेल. अडचण अशी की मध हा फुलपाखराच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा भागवतो. अळीला पाने लागतात आणि बहुतेक जातींच्या अळ्या ठरावीक वनस्पतींचीच पाने खातात. पानफुटी मूळची परदेशी असूनही तिच्यावर रेड पिएरो या फुलपाखराच्या अळ्या वाढतात, असे अपवाद आहेत. पण घाणेरीने भरलेल्या उतारावर मध भरपूर आणि अंडी घालण्यासाठी जागा थोडी, हीच सर्वसाधारण स्थिती असते.

काय लावले आणि ते कुठून आले

राष्ट्रीय उद्यानातून बी किंवा रोप आणण्याचा प्रश्नच नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे, आणि कायदा नसता तरी शेकडो सोसायट्यांनी जंगलातून मूठ मूठ बी उचलावे हे समर्थनीय ठरले नसते. सुदैवाने संस्थेचे माळीकाका जव्हार तालुक्यातील आहेत. मी तेरडा, कवळा, टाकळा, रानहळद अशी नावे सांगू लागले तेव्हा त्यांनी त्यातील निम्म्या वनस्पतींच्या भाज्या कशा करतात ते मला सांगितले आणि दिवाळीला गावी गेले तेव्हा स्वतःच्या आणि भावकीच्या शेतांच्या बांधांवरून बी गोळा करून आणले. कवळ्याच्या शेंगा कधी काढल्या तर बी पक्के मिळते आणि कधी ते पोचट निघते, हे ज्ञान त्यांच्याकडे होते. माझ्याकडे ते पुस्तकी स्वरूपातच होते.

तेरड्याचे बी आणखी एका वाटेने आले. गौरी तेरड्याच्या रोपांची बसवण्याची रीत ज्या घरांत आहे, ती कुटुंबे भाद्रपदात बाजारातून मुळांसकट तेरडा आणतात. त्या रोपांवर फुलांबरोबर पक्व होत आलेली बोंडेही असतात. पक्व बोंडाला बोट लागताच ते फुटते आणि बिया दूर उडतात, त्यामुळे ती काढताना कागदी पिशवीत धरून काढावी लागतात. संस्थेतील काही महिलांनी विसर्जनापूर्वी अशी बोंडे जमवली. सणासाठी आलेल्या रोपाचे बी त्याच आवारात रुजावे, ही कल्पना त्यांना इतकी पटली की पट्ट्याला पहिले मनापासूनचे पाठबळ त्या घरांतूनच मिळाले.

मातीच्या बाबतीत माझे आणि रहिवाशांचे मत जुळायला वेळ लागला. मुंबईत बाग म्हटली की लाल माती आणि शेणखताच्या गोण्या येतात. परंतु कोकणातील बहुतेक रानफुले मुरमाड, उथळ, निचऱ्याच्या जमिनीत वाढणारी आहेत. जमीन फार कसदार केली की गवत त्यांच्यावर मात करते आणि तेरड्यासारखी रोपे उंच, लुसलुशीत होऊन पहिल्याच जोरदार सरीत आडवी होतात. इमारतीच्या बांधकामाचा राडारोडा त्या पट्ट्यात वीतभर खोलीवर होताच. सिमेंटचे मोठे गोळे काढले, विटांचे तुकडे राहू दिले, वर मुरूम आणि थोडा पालापाचोळा पसरला आणि खत टाकले नाही.

पेरणी मे महिन्याच्या अखेरीस, बी वाळूत मिसळून, हाताने विस्कटून केली. टाकळा आणि खुळखुळा यांच्या बियांचे कवच टणक असते. ते पॉलिश पेपरवर घासल्याशिवाय किंवा गरम पाण्यात रात्रभर भिजवल्याशिवाय सगळे बी एकाच वर्षी उगवत नाही. त्यातील काही बी मी मुद्दाम तसेच पेरले, जेणेकरून ते जमिनीत राहून पुढच्या वर्षांत उगवेल. या निर्णयाचा परिणाम पुढे वेगळ्याच रीतीने दिसून आला.

उत्तरेच्या बाजूला तेरडा, रानहळद आणि भिंतीपाशी दिंडा लावला. पूर्वेच्या बाजूला कवळा, सोनकी, कुर्डू, खुळखुळा आणि टाकळा. यांतील बहुतेक झाडे वर्षायू असून ती नोव्हेंबरनंतर संपतात, म्हणून कोरड्या महिन्यांसाठी भिंतीलगत झुडपे आवश्यक होती: हिवाळ्यात फुलणारा अडुळसा, कोरांटी, चित्रक, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल फुलांनी लगडणारी धायटी, जिच्यासाठी शिंजीर पक्षी दिवसभर फेऱ्या मारतात. कढीपत्त्याची दोन झाडे आधीपासून होती. त्यांच्यावर कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय यांच्या अळ्या दरवर्षी वाढत असत आणि दरवर्षी औषध फवारून मारल्या जात असत. रुई कोपऱ्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा बेताने लावली, कारण तिचा चीक डोळ्यांत गेल्यास इजा करतो. कळलावी लावावी असा अनेकांचा आग्रह होता. फूल देखणे आहे आणि गौरीच्या पूजेत त्याला मानही आहे. मात्र तिचा कंद अत्यंत विषारी असल्यामुळे, लहान मुले खेळतात त्या आवारात ती नको, या मतावर मी शेवटपर्यंत कायम राहिले.

सुरवंट, मधमाश्या आणि भीती

देशी पेरणीच्या पहिल्याच पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, तेरड्यावर बोटाएवढ्या जाड अळ्या दिसल्या. अंगावर दोन्ही बाजूंना डोळ्यांसारख्या ठिपक्यांच्या रांगा आणि मागच्या टोकाला एक शिंगासारखे शेपूट. संस्थेच्या व्हॉट्सअॅप गटावर छायाचित्र येताच फवारणीची मागणी झाली. ही अळी थेरेट्रा या हॉक मॉथ गटातील पतंगाची होती. तेरडा हे तिचे नेहमीचे खाद्य. तिला दंश नाही आणि खाज आणणारे केसही नाहीत. रहिवाशांच्या मनात जो सुरवंट होता तो शेवग्याच्या खोडावर दाटीने बसणारा केसाळ सुरवंट, ज्याच्या स्पर्शाने खरोखरच अंगावर पुरळ उठते. दोन्हींतला फरक सांगणारे एक छायाचित्र लिफ्टजवळ लावल्यावर विरोध बराच ओसरला. संध्याकाळी लांब सोंडेने फुलांसमोर हवेत थांबून मध पिणारा पतंग याच अळीपासून होतो आणि तेरड्याच्या फुलामागच्या लांब नळीतील मधापर्यंत अशीच सोंड पोहोचते, हे मुलांना सर्वांत आधी समजले.

फवारणीविषयी माझे म्हणणे फक्त या अळीपुरते नव्हते. झाडाच्या रसात भिनणारी कीटकनाशके पानांबरोबर परागात आणि मधातही उतरतात. अळ्यांसाठी मारलेले औषध त्यामुळे मधमाशीपर्यंतही जाते. रोपवाटिकेतून आणलेल्या झुडपांवर अशी औषधे आधीच मारलेली असू शकतात, म्हणून ती झुडपे एक पावसाळा जुनी होईपर्यंत त्यांच्यावर अळ्या न दिसल्यास निराश होऊ नये, असेही मी सांगितले होते.

मधमाश्यांची भीती वेगळी होती आणि ती समजण्यासारखी होती, कारण उंच इमारतींच्या सज्ज्यांखाली आग्या माश्यांची मोठी पोळी मुंबईकरांनी पाहिलेली असतात. पट्ट्यावर येणाऱ्या माश्या मात्र मुख्यतः लहान फुलोरी माश्या, डंख नसलेल्या बारीक काळ्या माश्या आणि एकेकट्या राहणाऱ्या जाती होत्या. या एकेकट्या माश्यांचे काम मला विशेष सांगावेसे वाटते. टाकळ्याच्या फुलात मध नसतो. परागकोश टोकाला बारीक छिद्र असलेले असतात आणि आतले पराग बाहेर काढण्यासाठी फुलाला घट्ट धरून पंखांचे स्नायू थरथरवावे लागतात. पोळ्यातील नेहमीच्या मधमाशीला हे जमत नाही. पोटावर निळसर पट्टे असलेली अॅमेजिला माशी आणि मोठा काळा भुंगा यांना ते जमते, आणि कान जवळ नेला तर त्या थरथरीचा आवाजही ऐकू येतो. वांगी आणि टोमॅटो यांची फुलेही याच पद्धतीने पराग सोडतात. या माश्या पोळे करत नाहीत. त्या मोकळ्या मातीत, भिंतीच्या मातकट सांध्यांत किंवा वाळक्या काड्यांत घरटी करतात. म्हणून पूर्वेच्या भिंतीपाशी हातभर रुंद जमीन काहीही न पेरता उघडी ठेवली होती. ‘येथे काही लावायचे राहून गेले’ असे समजून दोन वेळा कुणीतरी तेथे कुंड्या मांडल्या.

सप्टेंबर अखेरची सभा

सहकार कायद्यानुसार वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि बहुतेक सोसायट्यांप्रमाणे येथेही ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. या दिवसांत पट्टा कसा दिसतो, याचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता. तेरड्याची पाने पिवळी पडून खोडे झुकू लागलेली, टाकळा कंबरेपर्यंत वाढलेला, एमिग्रंट फुलपाखरांच्या अळ्यांनी त्याची पाने कुरतडलेली, कुर्ड्याचे तुरे वाळत आलेले. सोनकी नुकती फुलू लागलेली, पण दुरून पाहणाऱ्याला तिच्यापुढचे वाळके गवतच आधी दिसावे. ऑगस्टमध्ये ज्यांनी कौतुक केले होते त्यांतल्या काहींनी सभेत तक्रार मांडली. साप येतील, डेंग्यू होईल, पाहुण्यांसमोर आवार ओसाड दिसते, ही तीन कारणे पुढे आली. ती मांडणाऱ्यांत एका लहान मुलाची आई होती, जिच्या घरी मागच्या वर्षी डेंग्यू होऊन गेला होता. तिच्या काळजीला हसण्याचे किंवा तिला अडाणी ठरवण्याचे कुणालाही कारण नव्हते.

डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: कुंडीखालच्या ताटल्या, उघडी पिंपे, टायर, छतावर पडलेले ताडपत्रीचे तुकडे. निचरा होणाऱ्या जमिनीत उभ्या असलेल्या वनस्पतींत त्याची पैदास होत नाही. हे मी सभेत सांगितले, परंतु तोपर्यंत दिवाळीपूर्वीच्या साफसफाईचे कंत्राट मंजूर झाले होते आणि त्यात पट्ट्याचा समावेश होता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कंत्राटदाराच्या माणसांनी यंत्राने सगळा पट्टा जमिनीलगत कापला, कापलेला पाला ओढून गोण्यांत भरला आणि त्याच दिवशी कचऱ्याच्या गाडीत चढवला. त्या गोण्यांमधून सोनकीच्या कळ्या, कवळ्याच्या हिरव्या शेंगा आणि टाकळ्याच्या देठांना लटकलेले कोष गेले. मुंबईत पावसाळ्यानंतरचे हेच आठवडे फुलपाखरांच्या भराचे असतात.

पुढच्या पावसाळ्याने काय दाखवले

पुढच्या जूनमध्ये जे उगवले ते कोणत्या वनस्पतीचे बी कापणीपूर्वी जमिनीवर पडले होते याची नोंदच होती. तेरडा आला, पण विरळ. त्याची बोंडे टप्प्याटप्प्याने पिकत असल्याने पहिल्या बोंडांचे बी वाचले होते. रानहळद जशीच्या तशी आली, कारण तिचे कंद जमिनीखाली होते. कवळा अगदी थोडा आणि सोनकी एकही नाही. ती ऑक्टोबरच्या उत्तरार्धात बी धरते, तोपर्यंत ती उरलीच नव्हती. उलट टाकळा दाट माजला. त्याचे आधीच्या वर्षी न उगवलेले टणक बी जमिनीत होते आणि शेजारी स्पर्धक राहिले नव्हते. मोकळ्या राहिलेल्या जागेत रानमोडी आणि गाजर गवत यांची रोपेही दिसली. बाहेरून पाहणाऱ्याला पट्टा हिरवाच वाटत होता आणि काही जणांनी ‘कापल्याने काहीच बिघडले नाही’ असा निष्कर्षही काढला. परंतु फुलपाखरांत मुख्यतः पिवळी आणि फिकट हिरवट, टाकळ्यावर वाढणारी तेवढीच दिसत होती आणि खुळखुळ्याच्या वाळक्या भागांतून रसायने शोषण्यासाठी येणारे ब्लू टायगर आणि प्लेन टायगरचे नर त्या वर्षी जवळजवळ आले नाहीत. ही रसायने त्यांना मादीला आकर्षित करणारा गंध तयार करण्यासाठी लागतात. ऑक्टोबरमधल्या एका दिवसाच्या कामाचा परिणाम असा वर्षभराने समोर आला.

नवे वेळापत्रक

या टप्प्यावर समितीने केलेली गोष्ट मला अनुकरणीय वाटते. त्यांनी पट्ट्याच्या बाजूने भाषणे केली नाहीत. तक्रारींतील प्रत्येक मुद्दा वेगळा काढून त्यावर उपाय लिहून काढला आणि तो ठराव म्हणून मांडला. डेंग्यूसाठी दर आठवड्याला आवारातील साठलेले पाणी ओतून टाकण्याची जबाबदारी मजल्यानुसार वाटली, कारण अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. त्या मुलाच्या आईनेच या कामाची यादी ठेवण्याचे मान्य केले. पालिकेने सांगितल्याशिवाय पट्ट्यात धूरफवारणी करायची नाही, असेही ठरले. सापांच्या बाबतीत जेवणाचा कचरा आणि त्यामुळे येणारे उंदीर हे खरे कारण होते. कचऱ्याचे डबे पट्ट्यापासून हलवले आणि वाटेलगतची अर्धा मीटर जागा कायम आखूड कापलेली ठेवण्याचे ठरले, म्हणजे चालणाऱ्याला पायाजवळची जमीन दिसेल.

या आखूड कडेने आणखी एक काम केले, ज्याची मला अपेक्षा नव्हती. नीट कापलेली कड आणि तिच्यामागे गुडघाभर उंचीचे बांबूचे कुंपण दिसू लागल्यावर मागचा वाढलेला भाग लोकांना दुर्लक्षित वाटेनासा झाला. झाडे तीच होती, पण कुणीतरी त्यांची काळजी घेत आहे हे दिसू लागले होते. कुंपणावर मुलांनी मराठीत नावांच्या पाट्या लावल्या आणि प्रत्येक पाटीवर त्या वनस्पतीवर कोणत्या फुलपाखराची अळी वाढते तेही लिहिले. पाने खाल्ली जाणे हा या बागेचा हेतू आहे, हे पाटीवर वाचल्यावर कुरतडलेल्या पानांच्या तक्रारी थांबल्या.

कापणी एका दिवसाऐवजी तीन हप्त्यांत विभागली. जुलैमध्ये टाकळ्याची कोवळी रोपे विरळ करायची. माळीकाकांनी त्यांची भाजी करून दाखवली आणि त्यानंतर हे काम सांगावे लागले नाही. वाटेलगतच्या, गाड्यांच्या धुरातल्या रोपांची भाजी करू नये एवढेच मी सुचवले. दिवाळीपूर्वी फक्त उत्तरेची बाजू कापायची, कारण तोपर्यंत तेरड्याचे बी पडून गेलेले असते आणि तेथे सावलीही आलेली असते. त्यामुळे सणाला प्रवेशद्वाराकडून दिसणारा भाग स्वच्छ असतो आणि ज्यांना तो तसा हवा होता त्यांची मागणीही पूर्ण होते. पूर्वेची बाजू नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत उभी ठेवायची, मग विळ्याने वीतभर उंचीवर कापायची, यंत्र वापरायचे नाही, आणि कापलेला पाला काही दिवस तेथेच कोपऱ्यात पसरून ठेवायचा, म्हणजे उरलेले बी गळेल आणि कोषांतील फुलपाखरे बाहेर पडतील. भिंतीलगतच्या काही वाळक्या काड्या मेपर्यंत तशाच उभ्या राहतात. त्यांत एकेकट्या माश्या घरटी करतात.

सभेची तारीख बदलणे शक्य नव्हते. मात्र सभेच्या दिवशी सकाळी सभासदांनी पट्ट्याशेजारून एक फेरी मारायची, असे ठरले. सप्टेंबरच्या शेवटी पूर्वेकडे सकाळी नऊच्या सुमारास, ऊन आल्यावर, जे दिसते ते वर्षातल्या कोणत्याही इतर दिवसापेक्षा समृद्ध असते: कवळ्याच्या पिवळ्या फुलांवरचे लाल ठिपके, सोनकीवर एकाच वेळी बसलेल्या फुलोरी माश्या आणि होवरफ्लाय, कुर्ड्याच्या तुऱ्यांवरची लहान निळी फुलपाखरे, आणि वाळलेल्या गवताच्या बियांसाठी आलेल्या मुनियांचा थवा. दुपारच्या सभेत याच पट्ट्यावर मतदान होते तेव्हा लोकांनी तो जवळून पाहिलेला असतो.

सोनकी माळीकाकांच्या गावाहून पुन्हा आणून पेरली गेली आणि दुसऱ्या वर्षी ती स्वतःच्या बियांवर उगवली. कढीपत्त्यावरील फवारणी बंद झाली आहे. शिंपी पक्ष्याने दिंड्याची दोन पाने शिवून त्यात घरटे केले आणि पिलांना भरवण्यासाठी तो त्याच पट्ट्यातल्या अळ्या उचलत होता. काही मुलांना याचे वाईट वाटले, पण अळ्या असतील तरच पक्षी वाढतील, हा या बागेच्या हिशेबाचाच भाग आहे.

सध्याचा प्रश्न वेगळा आहे. इमारतीची मोठी दुरुस्ती मंजूर झाली असून येत्या हिवाळ्यात उत्तरेच्या बाजूला परांची बांधली जाईल आणि किमान एक पावसाळा ती तेथे राहील. सिमेंट, रंग आणि पायदळी यांत ती बाजू टिकणार नाही, हे गृहीत धरून समितीने तेरड्याचे बी कागदी पाकिटांत भरून कोरड्या कपाटात ठेवले आहे, आणि रानहळदीची पाने वाळल्यावर तिचे कंद काढून वाळूच्या कुंड्यांत हलवले जाणार आहेत. पूर्वेच्या बाजूला साहित्य उतरवू नये ही अट दुरुस्तीच्या निविदेत लेखी घातली गेली आहे, आणि कंत्राटदाराच्या माणसांना कापणीचे वेळापत्रक दाखवण्याचे काम माळीकाकांकडे सोपवले आहे.